कानाची घडण

संगीतासंबंधी बोलताना 'आवड' हा शब्द आपण अशा थाटात उच्चारतो की, जणू काय ती प्रत्येकाच्या जन्मपत्रिकेतच मांडलेली असते. वस्तुतः आवडीलाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा फार जुना नसतो. आम्हां मराठी पांढरपेशांचेच पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, त्यातील पदांना साकी, दिंडी, लावणी, कीर्तन अशा घरोघरच्या चालींचाच आधार होता. १९११ साली 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी ख्याल-ठुमरीच्या वळणाच्या चाली आणल्या. १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर' रागदारीने सजविले. एवढ्या तीन-चार तपांत आमचे कान पार बदलले. आणि बदललेले कान हे आपले मूळचेच कान, असे आम्ही समजू लागलो!

ही घडण हुकमाने होत नाही, याचाही दाखला आमच्यापुढे आहे. १९४० साली नभोवाणीने पेटीला मज्जाव केला. तरी घराघरांतील पेटी काही माळ्यावर गेली नाही. पुढे १९५२ पासून डॉ. बाळकृष्ण केसकर त्या खात्याचे मंत्री असताना चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद झाले, तेव्हा श्रोत्यांनी निमूटपणे सुई फिरवून सिलोन लावले. अखेर १९५७ साली 'विविध भारती' काढावी लागली. केसकरांचा हेतू शुद्ध होता, यात मला शंका नाही. परंतु कान सहवासाने घडतो, परिपत्रकाने नव्हे, हे त्यांच्यासारख्या विद्वानासही उमगू नये, याचे नवल वाटते.

हा सहवास मला कसा घडला, ते सांगण्यासाठी वाचकांस नाशिकहून सावळघाट उतरवून पेठेस न्यावयास हवे. गाव लहान, पण इतिहास मोठा. १८५७ च्या उठावात येथील भगवंतराव राजे फासावर गेले. १८७८ साली बेगमसाहेब निवर्तल्यावर संस्थान संपून तालुका झाला. भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली ही मंडळी भात, नागली, वरई पिकवितात. मार्गशीर्षात डोंगरदेवाचा उत्सव बसतो, तेव्हा भोपळा, बांबू व शिंग यांची बनविलेली पावरी रात्ररात्र घुमते. कथा सांगणाऱ्याचे वाद्य याहूनही साधे. काशाच्या थाळीत मेणाचा गोळा चिकटवून त्यात एक काडी उभी करावयाची, आणि तिच्यावरून बोटे वरून खाली ओढीत राहावयाचे. थाळीतून एक अखंड गुंजारव उठतो. त्याच्या आधाराने धान्याची देवता कणसरी हिची कथा सांगितली जाते.

मी येथे अध्यापनासाठी आलो त्या वर्षी सुगीनंतर एका विद्यार्थ्याने मला अशी कथा ऐकण्यास पाड्यावर नेले. कथा सांगणारे त्याचे आजोबा. मी तासाभरातच कंटाळलो आणि थंडीचे निमित्त सांगून उठलो. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "सर, लवकर गेलात?" मी म्हटले, "अरे, एकच सूर माणसाने किती वेळ ऐकावा?" तो नम्रपणे, पण चटकन म्हणाला, "सर, तुमचा तंबोरा तरी कुठं बदलतो?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते पुढे ज्या वाटेने मिळाले, ती सांगताना मला संकोच होतो. कारण ती सातासमुद्रापलीकडून आलेली आहे. अमेरिकेतील माझ्या पुतण्याने तिकडच्या 'ब्लूग्रास' नामक संगीताची ध्वनिमुद्रणे मला ऐकविली. केंटकी प्रांतास त्याच्या कुरणांवरून 'ब्लूग्रासचा प्रांत' म्हणतात. तेथे १९११ साली जन्मलेल्या बिल मन्रो याने आपल्या वाद्यवृंदास ते नाव दिले, आणि पुढे ते त्या संगीतासच चिकटले. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतवाल्यांची फिडल, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वाद्यापासून निघालेला बँजो, आणि मन्रोचा तो उंच, कोरडा, डोंगरात एकटाच हाक मारणारा आवाज! पहिल्याने मला तो सर्कशीतला गोंधळ वाटला. पुतण्याच्या भिडेस्तव ऐकत राहिलो. पाचसहा वेळा ऐकल्यावर एके दिवशी ध्यानात आले की, बँजोच्या पाच तारांपैकी एक आखूड तार या धावपळीत पुन्हःपुन्हा तोच स्वर देत आहे. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज मन्रोस येऊन मिळाला. त्याच्या तीन बोटांनी सुरांचा पाऊस पाडला, त्या पावसातही ही तार जागची हलत नाही. षड्ज म्हणजे काय, हे तंबोऱ्यापुढे जन्म घालवूनही मला कळले नव्हते. परक्या बँजोने ते शिकविले. आणि त्याच क्षणी मला ती काशाची थाळी आठवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच!

या संगीताचा पुढील इतिहासही मनन करण्याजोगा आहे. १९२७ साली राल्फ पीअर याने ब्रिस्टल गावी मुक्काम ठोकून डोंगरी लोकांची गाणी तबकड्यांवर उतरविली. असल्या तबकड्या 'हिलबिली', म्हणजे डोंगरातले गावंढळ, या शेलक्या नावाने विकल्या जात. शहरातील सुशिक्षितांनी ते संगीत आपले म्हणण्यास साठ साल उजाडावे लागले. १९६५ साली व्हर्जिनियात फिनकॅसल येथे त्याचा मोठा उत्सव भरला. सूर तेच होते, ऐकणारे बदलले. आमच्याकडे मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. जिव्या सोमा म्हसे यांची कीर्ती झाल्यापासून वारली चित्रे आमच्या दिवाणखान्यांत, चादरींवर, चहाच्या पेल्यांवर विराजमान झाली. त्यांत मध्यभागी तारपा वाजविणारा असतो आणि भोवती नाचाचा वेढा. हा तारपा कानांनी ऐकला आहे, असे सांगणारा गृहस्थ मला त्या दिवाणखान्यांत क्वचितच भेटला. डोळ्यांनी स्वीकारलेले कानांनी अद्याप दाराबाहेर ठेवले आहे. सुरांना घरात घ्यायचे तर माणसांना घ्यावे लागते, हे तर त्याचे कारण नसेल?

गेल्या सुगीनंतर मी त्याच पाड्यावर पुन्हा गेलो आणि या खेपेस पहाटेपर्यंत बसलो. कथेतील बोली मला निम्मीच कळली. माझा विद्यार्थी आता नाशिकला कारखान्यात पाळीवर असतो. त्याला रजा मिळाली नव्हती. त्याला कथा येत नाही, आणि घरात दुसऱ्या कोणालाही येत नाही. "सर, तेवढं फोनमध्ये घेऊन ठेवा," असा त्याचा निरोप होता, म्हणून मी सगळी रात्र मुद्रित केली. उजाडल्यावर चहा घेताना आजोबांनी ते ऐकण्यास मागितले. फोन कानाशी धरून ते बराच वेळ ऐकत राहिले. शब्द स्पष्ट उतरले होते, मधली खोकल्याची उबळसुद्धा उतरली होती. मग फोन माझ्या हाती परत देत त्यांनी विचारले, "पण सर, यात थाळी कुठं आहे?"