कापसाचा बाजार आणि ॲपचे दुकान

हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूसबाजार १८८६ साली कारंजा येथे हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने सुरू झाला आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९७ साली, वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा जारी होऊन मुलखातील कोणतीही पेठ सरकारी नियमांखाली आणण्याचा अधिकार त्याच रेसिडेंटास मिळाला, ही हकीकत शेतीच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांतून एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते. परंतु ज्या जिल्ह्याला त्या काळी वणी जिल्हा म्हणत आणि १९०५ साली पुसद तालुका जोडून ज्यास यवतमाळ हे नाव देण्यात आले, त्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या खिशात आज जे दुकान अहोरात्र उघडे असते, ज्यातून तो गाणी ऐकण्याचे ॲप उतरवून घेतो, ज्याच्या वाटेने पिकाची नोंद करतो आणि अलीकडे कापूस विकण्यासाठी नंबरही लावतो, त्या दुकानाची कुळकथा सांगावयाची झाल्यास आरंभ कारंज्यापासूनच करणे मला इष्ट वाटते. विकणारा आणि घेणारा यांची गाठ जेथे पडते ती जागा कोणाच्या मालकीची, तेथे प्रवेश कोणास, कपात किती आणि तक्रार कोणाकडे, हे प्रश्न सव्वाशे वर्षांत बदललेले नाहीत.

जुन्या बाजाराची वहिवाट अशी, की गाडीभर कापूस घेऊन आलेला कुणबी पेठेत शिरताच अडत्याच्या स्वाधीन होई. अडत्या आणि खरेदीदार यांचा सौदा रुमालाखाली बोटे दाबून ठरे, आणि ज्याच्या मालाचा भाव ठरत असे त्यासच तो भाव शेवटी कळे. नंतर अडत, तोलाई, हमाली, कडता आणि धर्मादाय अशा वजावटींची यादी सुरू होई. १८९७च्या कायद्याने या वजावटींना मर्यादा घातली, अडत्ये, दलाल व मापारी यांना परवाने आवश्यक केले, आणि हे सर्व चांगलेच झाले. तथापि कायद्याच्या मुळाशी रयतेविषयीचा कळवळा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेली रुई वाजवी दरात आणि वेळेवर मिळावी ही त्यामागील मुख्य प्रेरणा होती. म्हणूनच बाजार चालविण्यासाठी जी पाच जणांची समिती नेमावयाची, तीत दोन सभासद नगरपालिकेचे किंवा तत्सम स्थानिक मंडळाचे आणि उरलेले तिघे कापसाचे व्यापारी असत. ज्याच्या कापसावर तो बाजार उभा होता, त्यास त्या समितीत एकही जागा नव्हती.

बाजारापर्यंतची वाटही अशीच परक्याच्या मालकीची होती. यवतमाळचा कापूस पूर्वी बैलगाड्यांतून धामणगावच्या स्टेशनावर जाई. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फूट रुंदीची रेल्वे घातली, जिला लोकांनी कौतुकाने शकुंतला हे नाव दिले. १९५१ साली देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण होत असता ही रेल्वे मात्र बाहेर राहिली, आणि पुढे अनेक वर्षे गाडी सरकारची व रूळ कंपनीचे, अशी चमत्कारिक व्यवस्था तेथे नांदली. वाफेचे इंजिन तेथे १९९४पर्यंत धावत होते, हे सांगताना यवतमाळकरांचा आवाज अजून किंचित चढतो. परंतु रुळांचे भाडे सरकार दुसऱ्या कोणास मोजीत आले, याचा उल्लेख त्यात सहसा येत नाही.

आता कापसावरून गाण्यांकडे येऊ, कारण अंकीय माल या जिल्ह्यात प्रथम आला तो गाण्यांच्या रूपाने. कॅसेटचा जमाना ओसरून सीडी आली, सीडी जाऊन बोटाच्या पेराएवढे मेमरी कार्ड आले, आणि मग पुसद, वणी, दिग्रस, पांढरकवडा, आर्णी, उमरखेड अशा गावांच्या बसस्थानकांभोवती रिचार्ज करणाऱ्या टपऱ्यांतून एक नवाच व्यवसाय उभा राहिला, ज्याचा इतिहास कोणत्याही गॅझेटियरात नोंदला जाणार नाही म्हणून येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. टपरीत एक जुना संगणक, त्यात गाण्यांनी व चित्रपटांनी ओतप्रोत भरलेली हार्ड डिस्क, कार्ड वाचणारे एक स्वस्त उपकरण, आणि दर्शनी भागी ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी, एवढ्या भांडवलावर हा धंदा चाले. गिऱ्हाईक कार्ड काढून देई, ‘नवीन टाकून द्या’ म्हणे, आणि दहा-वीस रुपयांत शेकडो गाणी, दोन-चार चित्रपट व काही जावा खेळ घेऊन गावाकडच्या गाडीत बसे. इंटरनेट त्याने पाहिलेले नसे. तरी इंटरनेटवरील माल त्याच्या खिशात असे.

कायद्याच्या दृष्टीने हा सारा व्यवहार बेकायदेशीर होता, यात शंका नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्याखाली असा दुकानदार सरळ गुन्हेगार ठरे, आणि ज्या शाहिराचे गाणे तो विके त्यास छदामही पोचत नसे. तरीही त्या दुकानदाराच्या अंगी एक गुण होता, जो पुढच्या अवाढव्य दुकानांना आजवर साधलेला नाही. श्रावणात तीजेच्या दिवसांत तांड्यावरची मुले येऊन गोरमाटी गाणी मागतील, एप्रिलच्या आरंभापासून भीमगीतांना मागणी वाढेल, तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने बारा महिने लागतील आणि झरी-जामणीकडचा माणूस गोंडी गीतांची चौकशी करील, हे त्यास कोणत्याही सांख्यिकीवाचून ठाऊक असे. गावातल्याच कोणी ध्वनिमुद्रित केलेले गाणे त्याच्या यंत्रात शिरावयास कोणाच्या परवानगीची गरज पडत नसे. दुकान चोरीचे होते. पण मालाची निवड गिऱ्हाइकाची होती.

इकडे हे चालू असता अमेरिकेत काय घडत होते ते थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती कथा सर्वश्रुत आहे. जून २००७मध्ये आयफोन बाजारात आला तेव्हा स्टीव्ह जॉब्झ यांचे म्हणणे असे होते, की बाहेरच्या कारागिरांनी निराळी ॲप करू नयेत, संकेतस्थळांच्याच धर्तीवर वेब ॲप रचावीत, जी कोणत्याही दुकानावाचून ब्राउझरमध्ये चालतील. हा विचार चार-पाच महिनेही टिकला नाही. १० जुलै २००८ रोजी ॲपलने सुमारे ५०० ॲपांनिशी आपले दुकान उघडले आणि विक्रीवर ३० टक्के कपात ठरविली. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुगलचे अँड्रॉइड मार्केट आले व मार्च २०१२मध्ये त्याचे गुगल प्ले झाले. वऱ्हाडातील कोणत्याही अडत्याने, अगदी १८९७च्या पूर्वीही, शंभरातले तीस उघडपणे मागण्याचे धाडस केले असेल असे मला वाटत नाही.

दुकानावाचून चालणाऱ्या वेब ॲपांचा विचार मात्र मेला नाही, आणि त्याचे उत्तरचरित्र आमच्याकडेच घडले. मोझिलाने केवळ वेब ॲपांवर चालणारी फायरफॉक्स ओएस ही प्रणाली तयार केली, आणि ऑगस्ट २०१४मध्ये तिच्यावर चालणारा इंटेक्स कंपनीचा फोन १,९९९ रुपयांत हिंदुस्थानच्या बाजारात आला. तो फारसा चालला नाही. परंतु त्याच प्रणालीच्या वंशातील काय ओएस घेऊन जुलै २०१७मध्ये जिओफोन जाहीर झाला, परत मिळणाऱ्या १,५०० रुपयांच्या अनामतीवर, आणि ज्यांनी आजवर फोनवर केवळ बोलणे केले होते अशा हजारो घरांत प्रथमच एक ॲपचे दुकान शिरले. त्या दुकानात व्हॉट्सॲप आले ते सप्टेंबर २०१८मध्ये. तोवर वर्षभर लोक ते मागत राहिले आणि दुकानदार नाही म्हणत राहिला. टपरीवाल्याकडे असे कधी झाले नसते! पण टपरीवाल्याचा काळ तोवर संपला होता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेटचा दर कोसळला तेव्हाच मेमरी कार्ड भरण्याचा व्यवसाय मोडला, आणि त्या टपऱ्यांतून आता काचेची आवरणे व चार्जर लटकलेले दिसतात.

येथवर प्रश्न करमणुकीचा होता. सरकारने आपला व्यवहार ॲपवर आणला तेव्हा त्यास निराळे गांभीर्य आले. पिकाचा पेरा गाव नमुना १२मध्ये लिहिण्याचे काम पिढ्यान्पिढ्या पटवाऱ्याकडे, पुढे तलाठ्याकडे असे. तो बांधावर न येता चावडीत बसूनच पेरेपत्रक भरतो, तूर असता सोयाबीन लिहितो, ही तक्रार जिल्ह्यात नवी नव्हती. १५ ऑगस्ट २०२१पासून महसूल व कृषी खात्यांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर लागू केले, ज्यात शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि नोंद पाठवावयाची. मूळ कल्पना उत्तम, किंबहुना क्रांतिकारक होती: ज्या दप्तराला रयतेने दीडशे वर्षे केवळ दुरून पाहिले, त्यात तिने प्रथमच स्वहस्ते लिहिले. परंतु त्या दप्तराकडे जाणारी वाट गुगल प्लेतून जात होती. मारेगाव-झरीकडच्या कोलाम पोडावरील (वस्तीवरील) ज्या शेतकऱ्याजवळ साधा फोन होता, किंवा ज्याच्या जुन्या फोनवर नवी आवृत्ती उतरत नव्हती, किंवा ज्यास दुकानात शिरण्यापुरते इंग्रजी खाते उघडता येत नव्हते, त्याने शेजाऱ्याच्या मुलास बोलवावे आणि त्याच्या फोनवरून आपली शेती नोंदवावी, असा परिपाठ पडला. महाराष्ट्राच्याच महाभूलेख संकेतस्थळावरून १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कोणत्याही ब्राउझरवर मिळत होता, हे ध्यानी घेतले म्हणजे निराळी वाट अशक्य नव्हती असे दिसते. छायाचित्र घेणे आणि स्थान नोंदणे ही दोन्ही कामे आजचा ब्राउझर करू शकतो.

सप्टेंबर २०२५मध्ये हे वर्तुळ कापसापाशी परत आले. हमीभावाने कापूस विकावयाचा तर शेतकऱ्याने प्रथम भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ या ॲपवर नाव नोंदवावे, सातबाऱ्यावरील पेरा व आधार जोडावा, असे ठरले. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्यास क्विंटलला ७,७१० व लांब धाग्यास ८,११० रुपये होता, आणि खाजगी व्यापाऱ्याचा भाव त्याखाली असता त्या ॲपवरील नोंदणीची किंमत किती, हे निराळे सांगावयास नको. नोंदणीची मुदत वारंवार वाढवावी लागली. पेरा ई-पीक पाहणीत नोंदलेला नसेल तर येथे अडचण, येथे नोंदणी नसेल तर खरेदी केंद्रावर अडचण, अशी ही साखळी. आणि तिच्या दोन्ही कड्या परदेशी कंपन्यांच्या दुकानांत टांगलेल्या. रूळ कंपनीचे आणि गाडी सरकारची, ही शकुंतलेची व्यवस्था अशी पुनश्च अवतरली.

सरकारजवळ स्वतःचे दुकान नाही असे नव्हे. सी-डॅक या सरकारी संस्थेने चालविलेले मोबाइल सेवा ॲपस्टोअर कित्येक वर्षे अस्तित्वात आहे, आणि २०२१च्या आरंभी त्यावर ९६५ ॲप असल्याचे संसदेत सांगण्यात आले होते. पण शेतकरी मेळाव्यातील पत्रकावर त्या दुकानाचे नाव क्वचितच दिसते. परक्या दुकानदारास वेसण घालण्याचे यत्नही झाले. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गुगलला दोन प्रकरणांत अनुक्रमे १,३३७.७६ कोटी व ९३६.४४ कोटी रुपये दंड केला, ज्यापैकी दुसरा अपिलात बराच कमी झाला. (या आयोगाचे व कापूस महामंडळाचे इंग्रजी लघुनाम एकच, सीसीआय, यवतमाळच्या बाजारात त्याचा अर्थ अर्थातच दुसरा.) मार्च २०२४च्या आरंभी शुल्काच्या वादावरून नोकरी, शादी, कुकू एफएम अशी अनेक देशी ॲप गुगलने दुकानातून काढून टाकली आणि सरकारने मध्यस्थी केल्यावर काही दिवसांत परत ठेवली. त्याच्या आधीच्या महिन्यात फोनपेने मराठीसह १२ भारतीय भाषांत इंडस ॲपस्टोअर उघडले. दुकाने वाढली तर कपात कमी होईल, हे खरे. परंतु ती समिती, जीत शेतकऱ्यास जागा नव्हती, तिचा प्रश्न त्याने सुटत नाही.

कापसाच्या बाजारात तो प्रश्न सुटावयास फार काळ लागला. बाजार समित्यांवर शेतकऱ्यांचे बहुमत आणणारा महाराष्ट्राचा कायदा १९६३चा, म्हणजे वऱ्हाडच्या मूळ कायद्यानंतर ६६ वर्षांनी आलेला. ॲपच्या बाबतीत इतके थांबण्याचे कारण नाही, कारण येथे निदान सरकारी ॲप कोठे ठेवावयाचे हे सरकारच्याच हाती आहे. म्हणून महसूल खात्यास आणि कापूस महामंडळास विनंती एवढीच, की पुढील हंगामापूर्वी ई-पीक पाहणी व कापूस नोंदणी या दोन्ही सोयी साध्या संकेतस्थळावरही मराठीत उपलब्ध कराव्यात, ती दोन्ही ॲप सरकारच्या स्वतःच्या दुकानातही ठेवावीत, आणि ज्याच्याजवळ फोनच नाही अशा खातेदाराची नोंद तलाठी कार्यालयात कागदावर घेण्याचे बंधन लेखी हुकुमाने घालावे.