डीएचसीपी
जालास जोडलेल्या संगणकास अंकीय (आयपी) पत्ता ठराविक मुदतीने देणारा नियमसंच. ‘डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल’ या नावाचे हे संक्षिप्त रूप होय.

प्रारंभी प्रत्येक यंत्राचा पत्ता हाताने नोंदवावा लागे. १९८४ मध्ये आरएआरपी ही पद्धत प्रसिद्ध झाली. तथापि तिचे संदेश राउटर ओलांडत नसत. बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांच्या बूटपी (१९८५) या नियमसंचाने ही अडचण दूर केली, पण कोणत्या यंत्रास कोणता पत्ता द्यावयाचा, याचे कोष्टक व्यवस्थापकासच आधी लिहून ठेवावे लागे. राल्फ ड्रोम्स यांनी सिद्ध केलेल्या डीएचसीपीत (१९९३; सुधारित १९९७) मुदतीची कल्पना आली. धर्मशाळेतील खोलीप्रमाणे पत्ता काही काळापुरता मिळतो. साधारणपणे निम्मी मुदत सरताच यंत्र नूतनीकरण मागते. न मागितल्यास मुदतीनंतर तो दुसऱ्यास देता येतो. ३२ अंशी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटीच असल्याने ही काटकसर महत्त्वाची ठरली.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही शहरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तेव्हा घरातील एखादाच संगणक दूरध्वनीवरून जोडला जाई. घरगुती जालाचा प्रश्न नव्हता. तो ब्रॉडबँड व बिनतारी राउटर यांबरोबर आला. बहुतेक राउटरांत डीएचसीपी सर्व्हर अंगचाच असतो, त्यामुळे तो आहे हेही घरच्यांस सहसा ठाऊक नसते.

डॉकर (२०१३) या प्रणालीमुळे कंटेनर, म्हणजे इतर कार्यक्रमांपासून अलग राखलेली कोठडी, सर्वत्र रूढ झाली. सायमन केली यांच्या डीएनएसमास्कसारखा हलका सर्व्हर तीत सहज मावतो व जुन्या संगणकावरही चालतो. मात्र येथे एक विसंगती उद्भवते. पत्ता नसलेले यंत्र आपली मागणी साऱ्या जालास उद्देशून पुकारते आणि अलग कोठडीत ती पुकार पोहोचत नाही. म्हणून कंटेनरला बहुधा यजमान संगणकाचेच जाल वापरू द्यावे लागते. म्हणजे ज्या अलगपणासाठी कोठडी बांधली, त्यातीलच काही सोडावा लागतो. दिलेल्या पत्त्यांची नोंदही कंटेनरबाहेर ठेवणे आवश्यक असते. अन्यथा कंटेनर नव्याने उभारताच ती नष्ट होते.

राउटरमधील मूळ सर्व्हर बंद न केल्यास दोघेही उत्तरे देतात. यंत्र बहुधा आधी आलेले उत्तर स्वीकारते, मग ते देणारा कोणीही असो. सर्व्हरची ओळख पटविण्याची तरतूद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, परंतु ती व्यवहारात फारशी रुजली नाही.