ओझं कोणाच्या पाठीवर?

थंडीतल्या मुक्कामाचं सामान घेताना हल्ली पहिला प्रश्न असतो तो किती अंशांपर्यंत ऊब टिकेल हा. जुन्या लष्करी हिशेबात त्याच्याही आधी दुसरा प्रश्न येई: हे वाहणार कोण? इंग्रजी अमलात फौजेच्या तंबूंची नावंच 40 पौंडी, 80 पौंडी, 180 पौंडी अशी होती. खेचराचं ओझं साधारण 160 पौंड धरलेलं, म्हणजे 80 पौंडी तंबू डाव्या-उजव्या बाजूला एकेक लादला की झालं. बाकीचं सगळं त्यानंतर.

तंबूच्या या घराण्यात जबलपूरची शाखा मोठी चमत्कारिक आहे. 1798 ते 1817 हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. मराठी छावणीत सरदाराला डेरा, कनाती, शामियाना; शिलेदाराला बुटकी राहुटी. बैल, उंट, हत्ती दिमतीला असल्यावर वजनाची तक्रार कोण करणार? भोसल्यांकडून जबलपूर इंग्रजांकडे गेलं आणि पुढे तिथे ठगांचा पिच्छा पुरवणारा विल्यम स्लीमन आला.

ठगांची रीत ठाऊक आहेच. वाटसरूंशी सलगी करायची, त्यांच्याबरोबर चालायचं आणि मुक्कामाच्या जागी रुमालाने गळा आवळायचा. (स्लीमनने रंगवलेलं चित्र कितपत खरं, यावर इतिहासकार अजून भांडतात, ते भांडण इथे सोडून देतो.) जे ठग माफीचे साक्षीदार झाले, त्यांना मोकळं सोडणं सरकारला परवडणारं नव्हतं. मग बायकामुलांसह त्यांना जबलपुरातच ठेवलं आणि 1837 च्या सुमारास त्यांच्यासाठी एक उद्योगशाळा काढली. तिथे काय बनू लागलं? तंबू, गालिचे आणि सतरंज्या. वाटसरूच्या मुक्कामावर ज्यांचा धंदा चालायचा, तेच आता मुक्कामाचा निवारा शिवू लागले. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फार ओढूनताणून आणलंय.

तंबूला गिऱ्हाईक भरपूर होतं. 1861 साली मध्य प्रांत झाला आणि पावसाळा सरला की जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर निघत. ऐन थंडीचे महिने आमराईत तंबू ठोकून कचेरी चालायची. ज्याला परवडे तो तंबूंचे दोन संच ठेवी: एकात रात्री झोपायचं, दुसरा बैलगाडीने पुढच्या मुक्कामी रवाना करायचा, म्हणजे सकाळी तिथे पोचावं तो निवारा उभा. जेम्स फोर्सिथ आणि रॉबर्ट स्टर्नडेल यांनी सातपुड्यातल्या असल्या भटकंतीवर पुस्तकं लिहिली, अनुक्रमे 1871 आणि 1877 साली. त्यांतल्या शिकारीच्या वर्णनांमागे गाडीवान आणि तंबू ठोकणारे खलाशी राबत असतात, हे वाचताना विसरायला होतं.

त्या तंबूत अक्कल मात्र होती. छताला दोन कापडं आणि मधे हवा. हीच हवा दुपारी ऊन अडवी आणि रात्री ऊब धरून ठेवी. सुती कापड श्वास घेतं, त्यामुळे झोपलेल्यांच्या उच्छ्वासाची वाफ बरीचशी बाहेर जाते. खाली भाताचा पेंढा, त्यावर सतरंजी, मग अंथरूण. जानेवारीत जबलपूरचा पारा रात्री दहाच्या खाली उतरतो, आणि कान्हाच्या कुरणांत तर पहाटे दहिवर गोठतं. अशा वेळी थंडी वरून लागते त्याहून जास्त जमिनीतून चढते.

याच मुलखात नेमकी उलटी परंपराही चालत आली आहे. नर्मदेची परिक्रमा चातुर्मास संपल्यावर उचलायची, म्हणजे पहिले महिने थंडीचेच. ओझं स्वतःच्या खांद्यावर, म्हणून कांबळं, कमंडलू, दंड एवढ्यावर भागवायचं. तंबूची जागा धर्मशाळेने, देवळाच्या ओवरीने, कुणाच्या पडवीतल्या शेकोटीने भरून काढायची. मराठी परिक्रमावासी आजही असेच जातात. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 मध्ये नर्मदाकाठाने चालू लागले, तेही पाठीवर मावेल तेवढंच घेऊन.

नायलॉन आणि ॲल्युमिनियमने या दोन्ही परंपरा एकत्र आणल्या: साहेबाचा दुहेरी तंबू परिक्रमावासीच्या पाठीवर चढला. दोघांचा तंबू दोन-तीन किलोंत येतो. पण नायलॉन श्वास घेत नाही. वारा नको म्हणून लोक झरोके बंद करतात आणि पहाटे आतून ठिबकणाऱ्या पाण्याने स्लीपिंग बॅग ओली होते. पिसांची असेल तर ओली झाल्यावर तिची ऊब गेलीच. शिवाय अंगाखाली पिसं चेपली की त्यांतली हवा निघून जाते, म्हणून पेंढ्याच्या जागी आता मॅट. माझं मत विचाराल तर पैसे आधी मॅटवर घाला, उरले तर तंबूवर. स्लीपिंग बॅगवरचा आकडाही नीट पाहून घ्यावा: ‘कम्फर्ट’ म्हणजे सुखाची झोप आणि ‘लिमिट’ म्हणजे कशीबशी काढलेली रात्र, आणि दुकानदार बहुधा दुसराच ठळक दाखवतो.

जबलपूरजवळ बरगीच्या जलाशयाकाठी जीप थेट मुक्कामापर्यंत जाणार असेल, तर मी अजूनही जाड सुती तंबू, पेंढा आणि सतरंजीच नेईन. 180 पौंडी जातीचा तंबू म्हणजे 80 किलोंच्या वर. तो चौघांनी उतरवावा लागेल, पण वाहायचं काम इंजिनाचं.