नदीकाठाचे मोल कसे मोजावे?

नदीचे किती पाणी शेताला गेले आणि किती नळाला, याचा हिशेब सरकारदरबारी मांडला जातो. कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर हजारो पणत्या उजळतात, त्या मात्र कोणत्याच जमाखर्चात येत नाहीत. धरण, पूल वा रस्त्याचा प्रश्न आला की नदीकाठचे सौंदर्य, श्रद्धा आणि विरंगुळा यांची किंमत शून्य धरली जाते, ती याचमुळे.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यान विभागास पत्र लिहून एक युक्ती सुचविली. स्थळ पाहण्यास प्रवेशमूल्य नसले, तरी माणूस तेथवर येण्यासाठी जो खर्च सोसतो, त्यावरून त्या स्थळाचे मोल काढता येते. हीच प्रवासखर्च पद्धत. ल्यूना लिओपोल्ड या जलशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये पैसा बाजूला ठेवून आयडाहोतील बारा नदीस्थळांची ४६ निकषांवर तुलना केली आणि कोणते स्थळ किती आगळे, हे मांडले.

पंचगंगेला हे मोजमाप जसेच्या तसे लावले, तर निष्कर्ष चमत्कारिक निघेल. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांचा संगम प्रयाग चिखली येथे होतो. तेथून पुढे ही नदी शहराला वळसा घालते. शुक्रवार पेठेतून पायी घाटावर येणाऱ्याचा प्रवासखर्च काहीच नाही. म्हणजे ज्याच्या रोजच्या जगण्यात नदी आहे, त्याच्या लेखी तिचे मोल शून्य, आणि वर्षातून एकदा मोटारीने येणाऱ्या पर्यटकाच्या लेखी भरपूर!

नदी जेथे कृष्णेला मिळते, त्या नृसिंहवाडीत तर पुराचेच मोल निघते. पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले, की त्या प्रवाहात स्नान करण्यासाठी भाविकांची गर्दी होते. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ती कितीतरी ओलांडून घरेदारे बुडविली. एकच पाणी एका तक्त्यात नुकसान आणि दुसऱ्यात पर्वणी ठरते, आणि या दोन्ही नोंदी खऱ्या असतात.

‘नदी स्वच्छ राहावी म्हणून किती पैसे द्याल?’ असे थेट विचारण्याचीही पद्धत आहे. तिची अडचण उघड आहे. उत्तरात ओढीइतकीच ऐपतही मोजली जाते; शिवाय नदीला आई म्हणणारा मनुष्य आकडा सांगण्यासच नकार देतो. म्हणून गरीब प्रदेशांतील काही पाहण्यांत पैशांऐवजी श्रमदानाचे दिवस विचारले गेले. आपल्याकडे हाच मार्ग अधिक सयुक्तिक दिसतो.

घाटावर उभे राहून माणसे मोजणाऱ्याला एक वर्ग मात्र कधीच भेटत नाही. सांडपाण्याने आणि जलपर्णीने नदी बिघडल्यावर ज्यांनी पोहणे सोडले, मुलांना पाण्यात उतरू देणे थांबविले, ती माणसे घरीच असतात. त्यांची गणना पेठांतून आणि काठच्या गावांतून, घरोघर जाऊनच करावी लागेल. तीही एका दिवसात नव्हे, तर श्रावणात, कार्तिकात आणि उन्हाळी सुट्टीत, अशी तीनदा.