डब्ल्यूपीसी म्हणजे काय? लाकूड आणि प्लास्टिक एकमेकांना धरतात कसे?

रिसॉर्टच्या स्विमिंग पूलभोवती किंवा एखाद्या टेरेसवर लाकडासारखं दिसणारं डेक असतं ना, ते बरेचदा डब्ल्यूपीसी, म्हणजे वुड प्लास्टिक कंपोझिट असतं. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक गरम करून मिसळायचं आणि साच्यातून दाबून पट्ट्या काढायच्या. पण नुसतं एवढंच केलं तर माल टिकत नाही.

कारण लाकूड पाणी ओढतं आणि पॉलिथिलीन किंवा पॉलीप्रॉपिलीनचं पाण्याशी अजिबात जमत नाही. त्यामुळे दोघं एकमेकांना चिकटतही नाहीत. भुशाचा कण प्लास्टिकमध्ये खड्यासारखा सुटा बसतो. भार आला की चीर तिथूनच जाते, आणि त्याच फटीतून पाणी शिरून लाकूड फुगतं.

यावरचा उपाय म्हणजे कपलिंग एजंट. पॉलीप्रॉपिलीनला मॅलेइक अनहायड्राइड जोडून तो बनवतात. त्याचा अनहायड्राइडचा भाग लाकडातल्या हायड्रॉक्सिल गटांशी बंध करतो आणि उरलेली लांब साखळी प्लास्टिकमध्ये गुंतते. साधारण २ ते ५ टक्के टाकला तरी ताकद वाढते, पाणी शोषणं कमी होतं. कडकपणा मात्र फारसा बदलत नाही, तो मुळात लाकडामुळेच येतो. म्हणून पट्टी हाताने वाकवून बघणं मला तरी निरुपयोगी वाटतं.

आता गंमत बघा. मिश्रण मशीनमधून सहज सरकावं म्हणून ल्युब्रिकंट लागतं. स्वस्त आणि ओळखीचं म्हणजे झिंक स्टिअरेट. पण तेच मॅलेइक अनहायड्राइडला अडवून बसतं! म्हणजे दोन्ही टाकले तर महागड्या कपलिंग एजंटचा बराचसा पैसा पाण्यात. म्हणून अशा मिश्रणात धातू नसलेलं ल्युब्रिकंट घेतात.

बुरशीसाठी झिंक बोरेट आणि उन्हाने रंग उडू नये म्हणून यूव्ही स्टॅबिलायझर व रंगद्रव्य घालतात, ते वेगळं.

आपल्याकडे बाथरूमच्या दरवाजांसाठी मिळणारे डब्ल्यूपीसी बोर्ड बहुतेक पीव्हीसीचे असतात. तिथे रसायनं बदलतात, त्यामुळे डेकचं गणित दरवाजाला लावू नका.

डेक घ्यायचंच असेल तर दुकानदाराकडून कापलेला तुकडा मागा. किचनच्या वजनकाट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. दोन-तीन कंपन्यांचे तुकडे एकाच मापाचे घेतले तर फरक लगेच दिसेल. कापलेली कड बोटाने नक्की तपासा, फुगायला सुरुवात तिथूनच होते.