संख्येची नावे : कापरेकरांचे वर्गीकरण आणि एक सतरा अंकी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या १११११११११ चा वर्ग होय. 'लीलावती'तील अठरा स्थानसंज्ञांपैकी सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानापर्यंत ती पोचते. ३, ३७ आणि ३३३६६७ हेच तिचे मूळ अवयव. असल्या संख्यांना 'डेम्लो' हे नाव देणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस त्यांनी शाळेत अध्यापन केले.

डेम्लो हे एका रेल्वे स्थानकाचे (आजच्या डोंबिवलीचे) नाव. तेथे ही कल्पना सुचली म्हणून ते संख्येस चिकटले. ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती 'हर्षद'. हा उपपद तत्पुरुष समास कोणाही संस्कृतज्ञास सहज उलगडेल. 'स्वयंभू' या संज्ञेचे मूळ मात्र देवळाच्या गाभाऱ्यात आहे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली असता जी कधीच निष्पन्न होत नाही, ती स्वयंभू. तिला जनक नाही. या विषयावरील त्यांची पुस्तिका १९६३ मध्ये निघाली.

प्रस्तुत संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. अर्थात ती हर्षद आहे. स्वयंभू मात्र नाही. १२३४५६७८९८७६५४२४० या संख्येच्या अंकांची बेरीजही ८१ च येते, व ती मिळविली की आपली संख्या उभी राहते. हा तिचा एकमेव जनक; आणि गंमत अशी की, तोही हर्षदच.

विद्यापीठीय गणितज्ञांपैकी अनेकांनी या शोधांस करमणूक मानले. आक्षेप अगदीच निराधार नाही. अविभाज्य अवयव हे संख्येचे स्वतःचे असतात. हर्षदत्व तिच्या लेखनाचे. २७ दशमान पद्धतीत हर्षद आहे. द्विमान पद्धतीत तीच संख्या ११०११ अशी लिहिली जाते, अंकांची बेरीज ४ होते आणि हर्षदत्व लोपते. परंतु एवढ्यावरून विषय क्षुद्र ठरविणे म्हणजे छंदःशास्त्र अर्थाविषयी मौन बाळगते म्हणून ते त्याज्य मानण्यासारखे आहे. लेखनपद्धतीलाही तिचे नियम असतात. दहा एकांच्या संख्येचा वर्ग करताच हातचे येऊ लागतात, १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर मिळते आणि चढउताराची जुनी रचना मोडते. ही मर्यादा दशमान लेखनाचीच आहे.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांची ओळख करून दिली, तेव्हा त्यांना शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.