सलाईन आणि चमचा

शनिवारी संध्याकाळी इथल्या कुठल्याही अर्जंट केअरमध्ये डोकावून पाहावे. ताप, कानाचा ठणका, सायकलवरून पडून फुटलेला गुडघा आणि उलट्या-जुलाबांनी मलूल झालेले एखादे पोर, ही तिथली नेहमीची गर्दी. त्या मलूल पोराचे आईबाप आपल्यापैकी असले तर मागणी ठरलेली: "डॉक्टर, सलाईन लावा ना!" डॉक्टरीणबाई मात्र उलटी थांबवणारी, जिभेवर विरघळणारी एक गोळी देतात आणि दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर क्षारांचे पाणी पाजायला सांगतात. चेहरे उतरतात. एवढ्यासाठी का को-पे भरला!

त्या चमच्याचा इतिहास आपल्या मंडळींना ठाऊक असायला हवा, कारण त्यातला मोठा भाग आपल्याच उपखंडात घडला.

सलाईन तसे जुने. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ गावी डॉ. थॉमस लाट्टा यांनी पटकीच्या रोग्यांच्या शिरेत मीठपाणी सोडले होते. तोंडाने पाणी देण्यामागचे शास्त्र कळायला मात्र १९६० साल उजाडले. रॉबर्ट क्रेन यांनी त्या वर्षी प्राग येथे मांडले, की आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात ते सोडियमच्या जोडीने. या जोडीमागून पाणीही आत जाते. नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी पुरत नाही ते यामुळे. आम्हा इंजिनियरांच्या भाषेत सांगायचे तर टाकीला गळती लागली तरी भरणारा पंप शाबूत असतो. पटकीतही तो चालूच राहतो. गंमत म्हणजे कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून रोगी बरे केल्याचे १९५३ सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते पद्धतशीर सिद्ध केले.

खरी कसोटी लागली १९७१ साली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पटकी पसरली. सीमेवरच्या बनगावच्या इस्पितळात बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे जमिनीवर रोगीच रोगी पडलेले, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्या भरून घेतल्या, ते मिश्रण पिंपांत कालवले आणि पाजायचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. डॉक्टरचे काम अडाणी आईच्या हाती देण्याचे हे धाडस होते! आधी शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ३.६ वर आले. पुढे बांगलादेशात या पाण्याचे नाव 'ओरसलाईन' असे पडले. महालनबीस २०२२ साली गेले; २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. फार उशिरा, असे माझे मत.

अमेरिकेला हे पटायला वेळ लागला. बॉल्टिमोरचे डॉ. हॅरल्ड हॅरिसन यांनी १९५० च्या दशकात मुलांवर असाच प्रयोग केला होता. पण नंतर बाजारात आलेल्या भुकटीत साखर जास्त होती, ती घट्टही कालवली जाई, आणि काही बाळांच्या रक्तातले सोडियम धोकादायक वाढले. ती धास्ती डॉक्टरांच्या मनातून लवकर गेली नाही. शिवाय, हे गरीब देशांचे औषध, ही समजूत होतीच. मूळचे भारतीय असलेले डॉ. मथुराम संतोषम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिले, की अमेरिका आणि पनामातल्या इस्पितळांतल्या सुदृढ बाळांनाही हेच पाणी पुरते. १९८५ साली इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्याची शिफारस केली. तरी सुईची सवय सुटेना. अडचण उलटीची होती, आणि ती सोडवायला मदत झाली कॅन्सरच्या रोग्यांसाठी आलेल्या ऑनडान्सेट्रॉनची. शिकागोतल्या मुलांवरचा अभ्यास २००६ साली छापून आला: ही गोळी घेतलेल्यांत सलाईन लागले शेकडा १४ मुलांना, न घेतलेल्यांत ३१ जणांना.

भारतातून आणलेली इलेक्ट्रालची पाकिटे आपल्या बऱ्याच घरांत असतात. ती लिहिलेल्या मापातच कालवावीत, अंदाजाने नव्हे. आता थोडा हिशेब. दहा किलोच्या बाळाच्या अंगातले पाणी थोडेसे कमी झाले असेल तर चार तासांत साधारण ५०० मिलिलिटर पाजायचे. म्हणजे पाच मिलिलिटरचे शंभर चमचे, अडीच मिनिटांनी एक. कंटाळवाणे काम आहे खरे! एक चमचा आईने, एक बाबांनी, आणि आजी आलेली असेल तर फारच उत्तम. पण पोर गुंगीत जात असेल, आठ तासांत लघवी नसेल, जुलाबात रक्त किंवा उलटीत हिरवे पित्त दिसत असेल, तर चमचा ठेवून तडक इस्पितळ गाठावे. तिथे सलाईन लागेलही, आणि ते लावलेच पाहिजे.